बिरूच्या कोपऱ्यात आम्ही तिघं

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. मी दवाखान्यात कंपाऊंडर. इंजेक्शन घ्यायला आलेला माणूस दंड पुढं करतो, तोंड भिंतीकडं वळवतो आणि सुई टोचायच्या आत विचारतो, "नागूअण्णा, त्या बिरूच्या फाईटीत फुडं काय झालं वो?" त्याचं लक्ष सुईवरून उडावं म्हणून मी सांगायला लागतो. एक सांगितला की दुसरा आठवतो, दुसऱ्यात तिसऱ्याचा विषय निघतो. हळ्ळीखेडच्या निम्म्या गावानं हे किस्से असे तुकड्यातुकड्यानं, शर्टाची बाही वर करून ऐकलेत. आज बिनसुईचे, सलग सांगतो.

हसायला येईल, मलाही येतं. पण हे सगळं घडत होतं तेव्हा मला हसू येत नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो. मी मुळातच घाबरट माणूस. दुसऱ्याचा ताप मोजताना मला घाम येतो!

तर बिरू म्हणजे बिरप्पा, आमच्याच गल्लीतला. आजा मेंढरं राखायचा, बाप लोकांच्या शेतात राबला आणि बिरू तालमीत वाढला. जत्रेतल्या कुस्त्या मारून घर चालत नाही म्हणून तो हैदराबादला गेला. तेव्हा तिथं काचेचे मॉल नि मोठाली हॉटेलं धडाधड उभी राहत होती आणि प्रत्येक दाराला एक धिप्पाड माणूस लागत होता. बिरू एका हॉटेलच्या दाराशी बाऊन्सर म्हणून उभा राहिला, तो आठ वर्षं. एकदा त्यानं दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्या माणसाला कमरेला धरून उचललं आणि रस्त्यापलीकडं अलगद नेऊन ठेवलं. एका जिमवाल्यानं ते पाहिलं आणि विचारलं, "फाईट करता क्या?"

फाईट म्हणजे कसली? तर एक गोल जाळी, आत दोघं. बुक्की चालते, लाथ चालते, कुस्ती चालते, गळा आवळलेला चालतो. पाच-पाच मिनिटांचे तीन राऊंड. तिला इंग्रजीत लांबलचक नाव आहे. आमच्याकडं सगळे म्हणायचे, जाळीतली कुस्ती.

फायटरच्या कोपऱ्यात तीन माणसं लागतात. बिरूनं पहिला मान दिला वस्तादांना. हणमंतअप्पा, सत्तरीचे, धोतर, फेटा आणि मनगटावर जुनं घड्याळ. दुसरे गौसभाई, हुमनाबाद रोडवर जीप चालवणारे, कारण हैदराबादला न्यायला गाडी पाहिजे. तिसरा मी.

"मी कामून रे?" मी विचारलं.

"तुमाला पट्टी बांधता येती की!" बिरू म्हणाला.

पट्टी लागणार हे गृहीतच धरलं होतं पठ्ठ्यानं!

\*

पहिली फाईट. हैदराबादचा एक हॉल, कानठळ्या बसवणारं संगीत, डोळे दिपवणारे लाईट. वस्तादांनी जाळीला हात लावला आणि हात कपाळाला लावला. मी देवाचं नाव घेत होतो, कुठल्या देवाचं ते आता आठवत नाही.

शिट्टी झाली, आणि मिनिटाच्या आत बिरूनं समोरच्याला उचलून पाठीवर आपटलं. दोन्ही खांदे टेकले. चितपट! आमच्याकडं इथं कुस्ती संपते. लहानपणापासून अंगात भिनलेलं ते. बिरू उठला, मातीला करतात तसा त्या प्लॅस्टिकच्या मॅटला हात लावून नमस्कार केला आणि वस्तादांच्या पाया पडायला आमच्या कोपऱ्याकडं चालू लागला.

मागून तो गडी उठला आणि त्यानं बिरूच्या पाठीत सणसणीत लाथ घातली!

"अरारारा!" वस्ताद जाळीला लटकले. "हारलेला माणूस लाथ मारायलाय की रे! कुणी हाय का न्हाई बगायला?"

गौसभाई ओरडले, "बिरू, खतम नई हुआ रे! पलट! पलट!"

बिरू वळला, पुन्हा त्याला आपटला आणि पुन्हा उठून हात वर केला. पुन्हा मार खाल्ला. तिसऱ्यांदा पाडल्यावर मात्र गौसभाईंनी जाळीवर बुक्क्या मारत "बैठ उसके उप्पर! उतरू नक्को!" असा धोशा लावला, तेव्हा कुठं तो वर बसून राहिला. गुणांवर जिंकला.

परतीच्या वाटेवर वस्ताद झहीराबादपर्यंत बोटांवर काहीतरी मोजत होते. मग म्हणाले, "एकाच माणसाला तीनतीनदा पाडायचं, ही कुठली रीत? एकदा पडल्यालं माणूस आपल्या मनानं घरी जायला पायजे!"

आम्ही पोट धरून हसलो. बिरू हसताना बरगडी धरत होता. मी ते पाहिलं आणि हसू तिथंच थांबलं.

\*

दुसऱ्या फाईटीला वस्तादांच्या हातात टॉवेल होता. कोपऱ्यातला टॉवेल नुसता घाम पुसायला नसतो. आपला माणूस फार मार खायला लागला, त्याला पुढं झेपणार नाही असं वाटलं, की कोपऱ्यातल्यांनी टॉवेल आत फेकायचा. म्हणजे शरण. रेफ्री तिथंच फाईट थांबवतो. हे आम्हाला आदल्या दिवशी हिंदीतून समजावून सांगितलं होतं. मला कळलं. गौसभाईंना कळलं. वस्तादांनीही मान हलवली होती.

त्या दिवशी बिरू काय खेळला! समोरच्याला त्यानं जाळीला चेपला, खाली घेतला, वर चढला आणि असा काही डाव टाकला की तो गडी हार मानून मॅटवर हात आपटायच्या बेतात. अजून दोन श्वास, की संपलं. हॉलमध्ये शिट्ट्या.

आता आमच्या जत्रेत पैलवानानं असा डाव मारला की माणूस काय करतो? हातात असेल ते वर उडवतो. फेटा, टोपी, उपरणं, काहीही.

वस्तादांनी "भले रे वाघा!" म्हणून टॉवेल उडवला.

तो वर गेला, जाळीच्या काठावर क्षणभर अडकला, आणि माझ्या डोळ्यांदेखत आत पडला. रेफ्रीनं दोन्ही हात हलवले. फाईट खतम! बिरू हरला!

खाली पडलेल्या गड्याला आपण जिंकलोय हे कुणीतरी येऊन सांगावं लागलं. तो तोंड उघडं टाकून बघतच राहिला.

वस्तादांना जेव्हा उमगलं तेव्हा ते स्टुलावर बसले ते उठेचनात. "माज्या हातानं," एवढंच म्हणायचे. बिरूच त्यांच्यापाशी गुडघ्यावर बसला. "अप्पा, डाव कसा हुता ते सांगा."

"डाव बेस हुता."

"मंग झालं की!"

पण त्या दिवसापासून वस्तादांकडचा टॉवेल गेला. त्यांच्याकडं स्टूल आलं. राऊंड संपला की स्टूल आत न्यायचं, घंटेच्या आधी बाहेर आणायचं. आणि टॉवेल आला माझ्या खांद्यावर.

\*

बिरूची माय लक्षुमबाई. तिला जाळीतली कुस्ती काय चीज आहे हे माहीत नव्हतं, पण लेकाच्या भुवईवरचे टाके दिसत होते. बिरूनं सांगितलं, बसचं दार लागलं. ती माझ्याकडं वळली. "नागा, बसला दार हाय व्हय रं? मी बसले तवा तर नव्हतं!"

मग ती देव्हाऱ्यापाशी गेली. बिरोबाचा भंडारा मुठीत घेऊन आली आणि माझ्यासमोर धरला. "उचल. माजं लेकरू जसं नेतूस तसं आणून सोडशील म्हण."

भंडारा उचलून दिलेला शब्द आमच्याकडं मोडत नाहीत. मी चिमूटभर हळद उचलली आणि म्हणालो, "जसा नेतो तसा आणून सोडतो, माय."

उंबऱ्याबाहेर आलो तर मागून बिरू. त्यानंही मूठ पुढं केली. त्याच देव्हाऱ्यातला तोच भंडारा!

"आता माजा बी उचला. टॉवेल आत टाकणार न्हाई म्हणा. मी मेलो तरी टाकणार न्हाई म्हणा. जितल्याली फाईट गेली माजी, अण्णा. परत असं नगं."

"अरे, पण समजा..."

"उचला!"

उचलला. काय करणार? चार पावलांच्या अंतरात मी एकाच देवाला दोन उलट शब्द देऊन बसलो. त्या दिवशी दवाखान्यात एका म्हाताऱ्याला एकच इंजेक्शन दोनदा द्यायला निघालो होतो, डॉक्टरांनी हात धरला म्हणून बरं!

\*

वजनाचा किस्सा. फाईटीच्या आदल्या दिवशी वजन करतात. ठरलेल्या आकड्याच्या वर गेलात तर बाद.

तिसऱ्या फाईटीच्या वेळी बिरूचं वजन मोजून मापून बसलं होतं. पण त्याचा निंबर्ग्याचा मामा हैदराबादला इमारतीच्या कामावर होता. भाचा इथं आलाय आणि उपाशी ठेवलाय हे त्याच्या कानावर गेलं. मामा डबा घेऊन हजर. ज्वारीच्या भाकरी, पुंडीची भाजी, वर शेंगाच्या पोळ्या. आम्ही बाहेर चहाला गेलो होतो. आलो तेव्हा मामा शेवटची पोळी भरवत होता आणि बिरू डोळे मिटून खात होता.

"मामा, काय केलंव हे!" मी कपाळाला हात लावला.

"गालफाडं बसल्यात लेकराची. माणूस हाय का तुमी?"

काट्यावर उभा केला. सव्वा किलो जास्त. हातात दोन तास.

गौसभाईंनी जीप उन्हात लावली. मे महिना, हैदराबाद. बिरूला दोन स्वेटर घातले, वर मामाची घोंगडी गुंडाळली, काचा चढवल्या आणि आत बसवला. एकट्याला बसवलं तर बेशुद्ध पडला तरी कळायचं नाही म्हणून मी आत बसायला निघालो, पण गौसभाई म्हणाले, "तुम नक्को कंपोंडर साब, तुम पैले मरते. मै बैठता." मी बाहेरून दर पाच मिनिटांनी काच ठोठावायचो. आतून अंगठा वर यायचा. एकदा आलाच नाही. मी दार ओढून उघडलं तर बिरू झोपलेला आणि गौसभाई त्याची नाडी माझ्यासारखी घड्याळ लावून मोजत बसलेले!

दोन तासांनी काट्यावर गेला. बरोबर सव्वा किलो उतरलं होतं. हौसेनं गौसभाईही काट्यावर चढले आणि ओरडले, "अरे, मेरा दो किलो गया! मेरेकूच उतारो अंदर!"

\*

ती तिसरी फाईट बिरू जिंकला. पण दुसऱ्या राऊंडमध्ये एक कोपर त्याच्या डाव्या डोळ्यावर बसलं होतं. सूज आली, बर्फ लावला, उतरली. मला वाटलं निभावलं.

येताना झहीराबादच्या अलीकडं चहाला थांबलो. दुपारचे दोन, रखरखीत ऊन. बिरू डाव्या कानशिलापाशी हात झटकत होता.

"हितं डास लई हायत वो, अण्णा."

डास एकही नव्हता.

मी हातातली बशी खाली ठेवली. कंपाऊंडर असल्याचा हा तोटा. दुसऱ्या कुणाला हसू आलं असतं, मला कळलं. डोळ्याला मार लागून असे काळे ठिपके नाचायला लागले की आतला पडदा फाटलेला असू शकतो. मी त्याचा उजवा डोळा तळहातानं झाकला आणि विचारलं, "माझी किती बोटं?"

"बोटं सांगतो. आदी मला सांगा, तुमचा हात कामून थरथरायलाय?"

डोळ्याच्या डॉक्टरांकडं मी त्याला तिसऱ्या दिवशी हात धरून नेला. त्यांनी लेसरनं पडदा चिकटवला आणि खुर्ची पुढं ओढून सांगितलं, "या डोळ्यावर आता मार बसता कामा नये. बसला तर पडदा सुटेल. मग कुणाच्याच हातात काही राहणार नाही."

बाहेर आल्यावर बिरू म्हणाला, "दुसरा हाय की!"

मी पहिल्यांदा त्याच्यावर ओरडलो. लोक बघायला लागले. "अरे, आंधळा होशील! मायला काय सांगू मी? बास कर आता हे!"

तो भिंतीला टेकला. "अण्णा, आट वर्सं मी दाराच्या भायेर हुबारलो. आतमदी गाणी, जेवणं, लोकांचं हसनं, समदं. मी भायेर. जाळीत गेलो की माइकवर माजं नाव घेत्यात, गावाचं नाव घेत्यात. हळ्ळीखेडचं नाव हैदराबादेत! अजून एक जितलो की मोट्या लीगवाले बोलवणार हायत. येकच. मंग तुमी म्हणाल तसं."

त्यानं बजावलं की हे मायला, वस्तादांना, कुणालाच सांगायचं नाही. मी सांगितलं नाही. रात्री झोप लागेना, जेवण जाईना. बायको म्हणाली, "फाईट तुमची हाय का त्याची?"

काही दिवसांनी तालमीत गेलो होतो. वस्ताद बिरूकडून मेहनत करून घेत होते. त्यांनी हौदातली मूठभर माती घेतली आणि बिरूच्या उजव्या बाजूनं उडवली. बिरूनं मान फिरवली. मग डाव्या बाजूनं उडवली. माती गालावर जाऊन बसली तरी बिरूची पापणी हलली नाही. तो आपला समोर बघून हसत होता.

वस्तादांनी हात झटकले आणि मेहनत अर्धी टाकून घरी गेले.

\*

शेवटच्या फाईटीची मेडिकल तपासणी. हा किस्सा लोकांना सगळ्यात आवडतो आणि मला सगळ्यात कमी.

डोळे तपासायला भिंतीवर इंग्रजी अक्षरांचा तक्ता. वर मोठं अक्षर, खाली बारीक होत जाणाऱ्या ओळी. एकेक डोळा झाकून वाचायचं. आमच्यापुढं रांगेत पाचजण. बिरू मला म्हणाला, "तुमी बोलू नगा," आणि तक्त्याकडं टक लावून ओठ हलवायला लागला. शाळेत असताना असं पाठांतर केलं असतं तर बिरू आज तहसीलदार असता!

त्याचा नंबर आला. उजवा डोळा पहिल्या झटक्यात पास. मग डॉक्टर म्हणाले, "दायाँ बंद करो, पढ़ो," आणि त्यांचा मोबाईल वाजला. ते फोनवर बोलत खिडकीकडं वळले.

बिरू सुटला. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. कुठं थांबायचं हे त्याला कोण सांगणार? चौथी, पाचवी, मुंगीएवढ्या अक्षरांची शेवटची ओळ. ती संपली तरी गडी थांबेना. तक्त्याच्या अगदी खाली कोपऱ्यात छापखान्याचं नाव असतं बघा, ते एकेक अक्षर करत म्हणून दाखवलं!

डॉक्टरांनी फोन बाजूला धरला. तक्त्यापाशी गेले, वाकले, चष्मा वर केला आणि ते नाव शोधून काढलं.

"कमाल है! ऐसी नज़र तो मेरी भी नहीं!" असं म्हणून सही ठोकली.

गौसभाई बाहेर हसून हसून जमिनीवर बसले. त्यांना डोळ्याचं माहीत नव्हतं, त्यांना वाटलं पोराचं इंग्रजी सुधारलं. मी त्या खोलीत उभा होतो. तोंड उघडून दोन वाक्यं बोललो असतो तर सगळं तिथंच थांबलं असतं. बोललो नाही. याची लाज मला आजही वाटते, आणि हे मी इंजेक्शन घेणाऱ्यांना सांगत नाही.

वस्ताद दाराशी उभे होते. त्यांनी विचारलं, "पास केला व्हय त्येला?"

"केला, अप्पा."

"दोनी डोळ्यांनी?"

"दोन्ही."

"बरं," म्हणाले, आणि फेटा सोडून पुन्हा बांधायला लागले.

\*

आता शेवटचा.

वस्ताद एव्हाना जाळीतल्या कुस्तीचे जाणकार झाले होते. हळ्ळीखेडच्या चहाच्या टपरीवर बसून पोरांना समजावायचे, राऊंड पाच मिंटाचा, मदी येक मिंट आराम, असले तीन, चितपटीला काय किंमत न्हाई, वर बसून ऱ्हायचं. टॉवेलचा किस्साही स्वतःच सांगायचे.

समोर होता पुण्याकडचा एक बॉक्सर. उंच, शांत चेहऱ्याचा. उजव्या हाताची बुक्की अशी, की आधीच्या दोघांना स्ट्रेचरवरून नेलं होतं. आणि समोरच्याचा उजवा हात म्हणजे आपला डावा डोळा. मी आकडेमोडीत कच्चा, पण हे गणित मला आठवडाभर सुटत नव्हतं.

माइकवर नाव घेतलं. "बिरप्पा, हळ्ळीखेड!" आपल्याकडची पाचपन्नास माणसं आली होती, निंबर्ग्याचा मामा पहिल्या रांगेत. सगळ्यांनी जल्लोष केला. बिरूनं जाळीतून माझ्याकडं बघितलं आणि बोटानं खांद्यावरच्या टॉवेलकडं खूण केली. शब्द लक्षात आहे ना? मी मान हलवली.

पहिली दोन मिनिटं बिरू खाली वाकून पट काढायला, म्हणजे पाय ओढून पाडायला बघत होता. तो गडी मागं सरकायचा आणि उजवा टाकायचा. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा बसला. भुवईच्या हाडावर बसला, त्याचा आवाज मला संगीताच्या वर ऐकू आला. बिरूनं डोकं हलवलं आणि हसला. हसला की मला जास्त भीती वाटायची. पुन्हा एक बसला. डाव्या बाजूनं येणारं काहीच त्याला दिसत नव्हतं, तो मान वळवून वळवून उजव्या डोळ्यानं शोधत होता, आणि त्या बॉक्सरला ते कळलं. चांगला खेळाडू होता, कळणारच. तो बिरूच्या डाव्या बाजूला सरकत राहिला.

माझा हात टॉवेलवर होता. बोटं टॉवेलात रुतली होती. डोळ्यासमोर एकदा माय यायची, एकदा बिरूची पुढं केलेली मूठ. गौसभाई माझ्याकडं बघून ओरडले, "कंपोंडर, देख क्या रा है? फेंक ना!" मी दोन पावलं पुढं गेलो, एक मागं आलो. खोटं कशाला सांगू, मला रडू फुटलं होतं.

घंटा झाली. पाच मिनिटं संपली.

आम्ही आत धावलो. वस्तादांनी स्टूल ठेवलं, बिरूला बसवलं. मी बर्फाची पिशवी डोळ्यावर धरली. पापणी सुजून डोळा बंद होत आला होता.

"दिसायलंय का रे?" मी कानात विचारलं.

"दिसायलंय."

"किती बोटं?"

"अण्णा, बोटांचं नंतर बगू. टॉवेल खाली ठिवा तेवडा."

वस्ताद समोर उकिडवे बसले होते. त्यांनी बिरूचं तोंड पुसलं. डाव सांगितला नाही, धीर दिला नाही, पाणीसुद्धा मीच पाजलं.

रेफ्रीनं हाक मारली. कोपऱ्यातल्यांनो, बाहेर व्हा. बिरू उठला. वस्तादांनी स्टूल उचललं, माझ्या हातात दिलं. मी बाहेर पडलो, गौसभाई बाहेर पडले. मागं वळून बघतो तर वस्ताद आतच!

ते शांतपणे जाळीच्या मधोमध चालत गेले. धोतराचा सोगा सावरला. समोरून तो बॉक्सर मुठी वळून आलेला. वस्तादांनी त्याचं मनगट धरलं, दुसऱ्या हातानं बिरूचं धरलं आणि दोन्ही हात एकदम वर केले.

आमच्याकडं जत्रेत जोड तुल्यबळ निघाली, बराच वेळ झाला तरी निकाल लागेना, की एखादा मानकरी असाच आखाड्यात उतरतो, दोघांचे हात वर करतो आणि कुस्ती सोडवतो. त्यात कुणी हरत नाही, कुणी जिंकत नाही. दोघांनाही मानानं घरी पाठवतात. आणि वस्तादानं धरलेला हात पैलवान कधी हिसकून घेत नाही.

वस्ताद चारी बाजूंना फिरून ओरडले, "बरोबरीत सुटली! समा-समा! बराबर!" मराठीत, कानडीत, दखनीत, कुणाचं राहायला नको म्हणून. मग डोक्यावरचा फेटा काढून त्या पुण्याच्या गड्याच्या डोक्यावर ठेवला.

आपली पाचपन्नास माणसं सवयीनं उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. मामानं टोपी उडवली. ते बघून बाकीचा हॉलही वाजवायला लागला. तो बॉक्सर गोंधळून एकदा रेफ्रीकडं, एकदा म्हाताऱ्याकडं बघत होता. मग तो वाकला आणि हातातल्या ग्लोव्हजसकट वस्तादांच्या पाया पडला!

मी बिरूकडं बघत होतो. त्याचा हात वर होता. हुंदके देत होता, सूज आलेल्या डोळ्यातूनही पाणी येत होतं, पण हात त्यानं काढून घेतला नाही.

रेफ्री हातवारे करत होता. कोपऱ्यातला माणूस राऊंडमध्ये आत राहिला म्हणून बिरू बाद, असं जाहीर झालं. आयोजक सुटाबुटात धावत आला, तोंड लालबुंद. "चाचा! ये क्या किया आपने? कौन से ज़माने का रूल है ये? फाईट तो अभी शुरू हुई थी! पाँच मिनट! सिर्फ़ पाँच मिनट हुए थे!"

वस्तादांनी मनगट डोळ्यांजवळ नेलं आणि घड्याळ बघितलं.

"पाचच व्हय?" ते म्हणाले. "मला लई येळ झाल्यावानी वाटलं."